लाल ठिपक्याचा पेला

समजा, उद्या सकाळपासून तुम्हाला एक काम करायचं आहे. साडेसहाला एका खोलीत जाऊन स्टुलावर बसायचं. समोर एक माणूस येईल. त्याच्या तळहातावर त्याच्या वजनाप्रमाणे तीन किंवा चार गोळ्या ठेवायच्या, पाण्याचा ग्लास पुढे करायचा आणि तो गिळेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायचं. मग म्हणायचं, "तोंड उघडा. जीभ वर करा." गालात किंवा जिभेखाली गोळी दडवलेली नाही याची खात्री झाली, की कार्डावर त्या दिवसाच्या चौकटीत फुली मारायची. मग पुढचा माणूस.

सोपं वाटतंय? आता हे सहा महिने करा. टीबीचा उपचार तेवढा चालतो. पहिल्या महिन्यात माणूस भीतीपोटी वेळेवर येतो. तिसऱ्या महिन्यात त्याचा खोकला गेलेला असतो, अंगात पुन्हा बळ आलेलं असतं, आणि गोळ्यांनी मळमळ तेवढी उरलेली असते. तेव्हा तो तुमच्याकडे असा पाहतो, जणू आजार तुम्हीच दिलात. तुम्ही पोलिसासारखं पाहिलंत तर उद्या तो येणार नाही. फार मायेनं पाहिलंत तर तो तुम्हाला सहज गुंडाळेल. या दोन्हींच्या मधली एक नजर असते. मला एकदा त्या स्टुलावर बसवलं होतं. चौथ्या माणसाला "जीभ वर करा" म्हणताना माझीच जीभ टाळूला चिकटली.

ज्या बाईने मला तिथे बसवलं, ती हे काम एकोणीस वर्षं करते आहे. सगळे तिला मावशी म्हणतात. मुलं पाठीमागून 'जीभबाई' म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे.

मावशीची खोली चर्चच्या पाठीमागे आहे. खोली चर्चची, गोळ्या दवाखान्याच्या, स्टूल तिचं स्वतःचं. भिंतीला एक साधा लाकडी क्रूस, त्याखाली पत्र्याचा डबा, डब्यात आजवरच्या सगळ्या रोग्यांची कार्डं. खिडकीला पडदा नाही आणि तिची झडप कधी लावलेली नसते. थंडीत माणसं कुरकुरतात. मावशी म्हणते, "थंडीनं कुणी मेलं तर मला सांगा, त्याची गोळी वेगळी आहे."

ती सतराव्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात लागली, थुंकीची भांडी उकळायच्या कामाला. शाळा तिसरीपर्यंत झालेली. वाचायला शिकली ती चर्चच्या गीतपुस्तकावरून, कारण गाणी आधीच पाठ होती आणि कुठलं अक्षर कुठे आहे ते त्यामुळे ओळखता यायचं. पुढे वॉर्डात आया झाली, निवृत्त झाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात या खोलीत येऊन बसली. शिवाय चर्चमधली प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीची, भांडी धुण्याचं काम तिच्याकडे आहे. "हाताला पाणी लागल्याशिवाय मला प्रार्थना सुचत नाही," असं ती म्हणते.

तिचा विश्वास पक्का आहे. पण त्याला एक क्रम आहे. आधी गोळी, मग आमेन. एकदा एक हमाल तिच्यासमोर डोळे मिटून बसून राहिला. म्हणाला, "मावशी, मी आज विश्वासानं बरा झालोय. गोळीची गरज नाही. तुमचा विश्वास कमी पडतोय का?"

"माझा विश्वास देवावर आहे, तुझ्या घशावर नाही," मावशी म्हणाली. "गीळ."

तो हसला आणि त्याने गोळी गिळली. आज तो चर्चच्या फाटकाशी सायकली लावून देतो आणि मावशीला पाहिलं की आपणहून जीभ बाहेर काढून दाखवतो.

मी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. तिथलं थुंकी तपासायचं यंत्र बंद पडलं म्हणून गेलो होतो, आणि सुटा भाग येईपर्यंत सहा महिने अडकलो. माझ्या पिशवीत एक हातात मावणारं यंत्र असतं. बंद खोलीत माणसांच्या उच्छ्वासाचा वायू किती साचला आहे, ते त्यावर आकड्यात दिसतं. मावशीने ते पाहिलं.

"ह्या डबीत काय दिसतं?"

मी सांगितलं. ती उठून पत्र्याचा डबा घेऊन आली आणि कार्डांचे दोन गठ्ठे माझ्यासमोर ठेवले.

"तू शिकलेला आहेस. हे बघ आणि मला सांग, मी वेडी आहे का."

पहिल्या गठ्ठ्यात दोन कार्डं होती. आधीच्या दहा वर्षांत या चर्चच्या मंडळीतले, म्हणजे इथे उपासनेला येणाऱ्यांतले, दोनच रोगी. दुसऱ्या गठ्ठ्यात पाच. हे पाच गेल्या दीड वर्षातले. पाचांतले चार गायनमंडळातले.

"दीड वर्षापूर्वी काय झालं होतं?" मी विचारलं.

"त्याच्या जरा आधी काचा बसल्या."

झालं असं होतं. चर्चच्या इमारतीला अकरा खिडक्या. पूर्वी त्यांना लाकडी झडपा होत्या, खालून वरून उघडणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका मंडळीने भेट म्हणून रंगीत काचा पाठवल्या. त्या आणवण्यासाठी पत्रव्यवहार करणारे, उतरवून घेणारे आणि उन्हात उभं राहून बसवून घेणारे गृहस्थ म्हणजे पंचकमिटीतले ज्येष्ठ पंच. सगळे त्यांना काचवाले काका म्हणतात. काचा खरंच देखण्या आहेत. सकाळी फरशीवर निळा आणि केशरी उजेड पडतो. फक्त त्या उघडत नाहीत. चौकटीत पुट्टी भरून कायमच्या बसवल्या आहेत. त्यानंतर ध्वनिक्षेपक आला, आणि रस्त्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून दारंही लावून घ्यायची पद्धत पडली. आठवड्यातून तीन संध्याकाळी गायनमंडळ त्या बंद पेटीत दोन-दोन तास छाती भरून गातं.

मावशीने हे पंचकमिटीला सांगितलं होतं. ते लिहूनही घेतलं गेलं नाही.

मग पाहुण्या आल्या. एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या अधिकारी बाई, बरोबर दोन मदतनीस आणि एक कापडी फलक. विषय होता श्रद्धा, संस्कृती आणि आरोग्य. श्रद्धावंत समाजांनी आपल्या चालीरीती बदलल्या तर जगाचं आरोग्य कसं सुधारेल, यावर दिवसभराचं शिबिर. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण शिबिरातला एक मोठा कागद मी पाहिला आहे. मावशीने जपून ठेवला आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, 'आपल्या हानिकारक प्रथा'. खाली सगळ्यांनी रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या पडल्या त्या प्रभुभोजनाच्या पेल्यावर. पिढ्यान्‌पिढ्या मंडळी एकाच पेल्यातून द्राक्षरस पीत आली होती. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कडा पुसायचे, पेला थोडा फिरवायचे आणि पुढच्याला द्यायचे.

मावशीने हात वर केला होता. म्हणाली, "बाई, टीबी उष्ट्यातून पसरत नाही. हवेतून पसरतो. आमच्या खिडक्या उघडत नाहीत, त्याचं काय करायचं?"

अधिकारी बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आपण आज संस्कृतीबद्दल बोलतोय, बांधकामाबद्दल नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलं आहे. म्हणजे गरीब माणसं ओठ कुठे लावतात ती संस्कृती, आणि भेट म्हणून मिळालेली काच हलवायची नाही ही कुणाची रीत? तिच्यावर चिठ्ठी कुणी का चिकटवली नाही? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असं.

वेगळे पेले वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सर्दीपडसं, तोंड येणं, अशा गोष्टींना त्याचा थोडाफार उपयोग होत असेल. पण मंडळी टीबीला घाबरली होती आणि टीबी थांबवण्यासाठी पेले आले. साठ छोटे पेले, तबकांसकट. एका संध्याकाळी ठराव झाला, आणि साऱ्यांना वाटलं, चला, सुटलो.

त्यावर काचवाल्या काकांनी स्वतःची भर घातली. ज्यांची गोळी चालू आहे, त्यांच्यासाठी सहा पेले बाजूला काढले आणि प्रत्येकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. त्यांचं तबक मागच्या दाराजवळच्या टेबलावर. पुढे यायचं नाही, मागेच घ्यायचं. अधिकारी बाईंनी आपल्या टिपणात लिहिलं, मंडळीने स्वतःहून पुढाकार घेतला.

काका दुष्ट नाहीत. हे लिहिताना मला राग येतो, पण ते खरं आहे. त्या पाच कार्डांतलं एक त्यांच्या नातीचं होतं. ती बरी झाली. पण त्या सहा महिन्यांत काका मावशीच्या खोलीबाहेर रोज उभे राहायचे, आत यायचे नाहीत, दाराशी उभं राहून टोपी हातात चुरगाळत राहायचे. भ्यालेला माणूस दिसेल त्याला कुलूप लावतो.

मी तिथे पोचलो तेव्हा त्या पाचांतलं एकच कार्ड चालू होतं. शिवणवालीचं. ती शाळेचे गणवेश शिवायची आणि गायनमंडळात पहिला सूर तिचा असायचा. गाणं ती उचलायची आणि मग बाकीचे मागून यायचे. तिला चौथा महिना होता. थुंकीची तपासणी दोनदा स्वच्छ आली होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की तिच्यापासून आता कुणाला धोका नाही. हा कागद पाळकसाहेबांच्या टेबलावर गीतपुस्तकाखाली पडून होता.

प्रभुभोजनाच्या रविवारी मावशी मला घेऊन शेवटच्या बाकावर बसली. यंत्र माझ्या खिशात. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या आसपास असतो. हजाराच्या आत असला तर हवा खेळते आहे असं धरतात. प्रवचनाच्या मध्यावर माझ्या यंत्राने दोन हजार नऊशे दाखवले.

"म्हणजे किती?" मावशी कुजबुजली.

मी मनात हिशेब केला. "इथे दर पंधरा श्वासांतला एक श्वास आधी दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून जाऊन आलेला आहे."

मावशीने पुढे बसलेल्या काकांच्या पाठीकडे पाहिलं. "म्हणजे मी इतके महिने पंधरावा श्वास ह्यांचा घेतेय? आणि उष्टा पेला नको म्हणतात."

मला हसू आवरेना. तेवढ्यात रांगा उठल्या.

शिवणवाली पुढच्या रांगेत उभी राहिली. कदाचित तिला वाटलं असेल की डॉक्टरांचा कागद पोचला. ती वेदीपाशी गेली, तिने हात पुढे केले. तबक काकांच्या हातात होतं. ते अगदी हळू बोलले, पण ध्वनिक्षेपक चालू होता.

"ताई, तुमचं मागे आहे."

ते चार शब्द अकरा बंद खिडक्यांवर आपटून परत आले. ती वळली. वेदीपासून मागच्या दारापर्यंत ती सगळ्यांच्या देखत चालत आली. लाल ठिपक्याचा पेला उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि भरलेलाच खाली ठेवला. मग दार उघडून बाहेर गेली. त्या क्षणी आत बाहेरचा वारा आला आणि माझ्या यंत्रावरचा आकडा उतरायला लागला. कुणीतरी उठून दार परत लावून घेतलं.

सोमवारी ती गोळीला आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी नाही. मावशीने दोनदा निरोप धाडला. कार्डावर पाच चौकटी कोऱ्या राहिल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा उपचार मध्ये सोडला तर जंतू मरत नाहीत, हट्टी होतात. पुढच्या वेळी त्याच गोळ्या चालतीलच असं नाही. चौतीस वर्षांची बाई, मशीनवर वाकून बसणारी, आणि अजून दोन महिने बाकी.

शनिवारी मावशी गोळ्या रुमालात बांधून निघाली. मला म्हणाली, "चल, पण तोंड मिटून बस. तुझे आकडे तिला नकोयत."

शिवणवालीच्या घरात बाहेरच्या खोलीत मशीन होतं. राखाडी कापडाचा ढीग, खडू, मोजपट्टी, बाह्या नसलेले बारा सदरे दोरीला. तिने आम्हाला बसा म्हटलं आणि पायडल चालूच ठेवलं.

"आठवडाभर पत्ता नाही तुझा," मावशी म्हणाली.

"काम आहे मावशी. सोमवारी गणवेश द्यायचेत."

"गोळी गिळायला पायडल थांबवावं लागत नाही."

"मला नकोयत गोळ्या."

"उलटी होते का?"

"नाही."

"मग?"

शिवणवालीने सुई वर केली, दोरा दाताने तोडला. "गोळी घेते म्हणून मी ठिपक्याची. नाही घेतली तर कोण ठिपका लावणार?"

"मग मरशील."

"मरेन. पण पुढच्या रांगेतून मरेन."

मावशी दोरीवरच्या सदऱ्यांकडे पाहत बोलायला लागली, जणू त्यांनाच सांगते आहे.

"मी एकोणीस वर्षांची होते. दवाखान्यात भांडी उकळता उकळता मलाच लागला. तेव्हा दीड वर्ष सुया टोचायच्या. बरी झाले. डॉक्टर म्हणाले, जा घरी. घरी गेले तर आईनं माझा मग वेगळ्या खिळ्याला टांगलेला. निळा, कडेला टवका उडालेला. बाकीचे सगळे फळीवर, माझा खिळ्याला. किती वर्षं असेल?"

"किती?"

"अकरा. बरी होऊन अकरा वर्षं. लग्न करून गेले, परत आले, तरी तो खिळा तिथेच."

"तुम्ही काढला नाही?"

"हिंमत नव्हती. शेवटी आईच आजारी पडली. हातपाय गेले. पाणी माग माग मागायची. मी त्याच मगातनं पाजलं तिला. तिला कळलं नाही म्हणून पाजलं असं मी सगळ्यांना सांगते. कळलं होतं तिला. मगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि प्यायली."

पायडल थांबलं होतं.

"आता तू म्हणशील, मावशी रडवायला आली. मी गोळी द्यायला आलेय. हात पुढे कर."

शिवणवालीने हात पुढे केला. गिळल्या. पाणी प्यायली.

"जीभ वर."

"आजपण?"

"आजपण."

आम्ही निघताना शिवणवालीने दाराशी विचारलं, "मावशी, बरी झाले तरी मला पुढे उभं राहू देतील का?"

दुसरी कुणी असती तर हो म्हणाली असती. मावशी म्हणाली, "माहीत नाही. विचारून सांगते."

विचारायला आम्ही पंचकमिटीच्या बैठकीला गेलो. मी आकडे एका कागदावर मांडून नेले होते. दार लावून गाताना तीन हजारांवर. दोन्ही दारं उघडी ठेवली तर चौदाशे. पूर्वीसारख्या अकराही खिडक्या उघडल्या तर किती, ते काढायची सोयच नव्हती. योगायोग असा, की अधिकारी बाई पाहणीसाठी त्याच दिवशी आल्या होत्या आणि पाळकसाहेबांच्या शेजारी बसल्या होत्या.

काकांनी माझा कागद पाहिलाही नाही. "म्हणजे काचा फोडायच्या?"

"फोडू नका," मी म्हणालो. "प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन काचा काढून बिजागरीवर बसवा. सुताराचं चार दिवसांचं काम आहे."

"ज्यांनी दिल्या त्यांना काय सांगायचं? तुमची भेट आम्ही कापली?"

"सांगा की आम्हाला श्वास घ्यायचा होता," मावशी म्हणाली.

पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "मावशी, शांतीनं घ्या. पेल्यांचा बदल मंडळीनं प्रार्थनापूर्वक स्वीकारला आहे."

"पेल्यांनी टीबी थांबत नाही, पाळकसाहेब. तुमच्या गीतपुस्तकाखाली डॉक्टरांचा कागद आहे, तो एकदा प्रार्थनापूर्वक वाचा. प्रभूनं कुष्ठरोग्याला हात लावला असं तुम्ही दर वर्षी सांगता. हात आधी लावला की तो बरा झाल्याचा दाखला आधी मागितला?"

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. ते तरुण आहेत, भले आहेत, आणि त्यांची नेमणूक कमिटीच्या हातात आहे.

मावशी अधिकारी बाईंकडे वळली. "बाई, तुम्ही तरी सांगा. तुम्ही शिकलेल्या."

अधिकारी बाईंनी वही मिटली. "मावशींची कळकळ मी समजू शकते. पण समाजाने स्वतः केलेल्या बदलाचा आपण आदर करायला हवा. पेल्यांचा बदल आमच्या अहवालात नोंदला गेला आहे. खिडक्यांचा मुद्दा पुढच्या टप्प्यात नक्की घेऊ."

"पुढच्या टप्प्यापर्यंत गाणाऱ्यांनी श्वास रोखून धरायचा का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मावशीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

काका एकदम म्हणाले, "माझी नात तुमच्याकडेच बरी झाली, मावशी. मी विसरलो नाही. पण ती आजारी त्या काचांमुळे पडली, असं तुम्ही म्हणताय."

मावशीचा आवाज उतरला.

"मी तसं म्हणत नाहीय, दादा. मी म्हणतेय, पुढची पडू नये."

काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते कळलं नाही. ठराव झाला तो असा, की खिडक्यांचा विषय विचाराधीन ठेवावा.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाआधी तबकं मांडली तेव्हा साठच्या साठ पेले सारखे होते. मावशीने स्पिरिट आणि कापूस घेऊन सहा ठिपके पुसून टाकले होते. काकांनी विचारलं तर म्हणाली, "धुताना गेले. रंग कच्चा होता." कुठले सहा ते आता तिलाही सांगता येत नव्हतं. मागचं टेबल काकांनी स्वतःच उचलून ठेवलं. गायनमंडळाच्या सरावाला मावशी दोन्ही दारांत विटा लावून ठेवायला लागली. माईकमध्ये आता रस्ता ऐकू येतो. खिडक्या तशाच आहेत.

शिवणवालीच्या गोळ्या मावशी रोज घरी नेऊन द्यायची. चुकलेले दिवस शेवटी जोडले. शेवटच्या चौकटीत फुली पडली त्या दिवशी तिने मावशीला एक उशीचा अभ्रा शिवून दिला, गणवेशाच्या उरलेल्या कापडाचा. ती पूर्ण बरी झाली. वजन नऊ किलो वाढलं. चर्चला ती आजतागायत आलेली नाही. मावशी तिला सांगून आली की ठिपके गेले, मागचं टेबल गेलं. ती म्हणाली, "ठिपके गेले हो मावशी. पण बघणारे तेच आहेत ना." घरी मशीनवर बसून ती गाते. पहिला सूर आता एक मुलगी उचलते आणि तो जरा खाली लागतो.

मग संस्थेची पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, मधल्या पानावर आमच्या साठ पेल्यांचं रंगीत छायाचित्र, पाठीमागे काचेतून आलेला निळा उजेड. खाली लिहिलं होतं की श्रद्धेच्या बळावर एका मंडळीने जुनी प्रथा मोडली आणि तिथल्या एका तरुण महिलेचा टीबी पूर्ण बरा झाला. म्हणजे शिवणवाली पेल्यांमुळे बरी झाली. एकशे ऐंशी दिवस तिला गोळ्या गिळायला लावणाऱ्या बाईचा उल्लेख नव्हता. मावशीला त्याचं काही वाटलं नाही. छायाचित्र पाहून ती एवढंच म्हणाली, "घासलेले छान दिसतायत."

पण दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं आणि अधिकारी बाईंना पत्र लिहायला बसवलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. मी दोन पानांचं केलं, त्यात माझे आकडे घातले, थोडा रागही घातला. तिने ऐकून घेतलं आणि सगळं खोडायला लावलं. म्हणाली, एवढं लिहिलं की त्यांना उत्तर द्यायला जागा मिळते. शेवटी एक ओळ उरली. ती आम्ही तीनदा पाठवली. एकदा पोच आली, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. तो अभिप्राय नव्हता. मी तिथून निघालो त्या सकाळीही मावशीने आधी तेच विचारलं, बाईंचं काही आलं का. पत्रातली ओळ अशी होती:

'बाई, टीबी पेल्यातून पसरत नाही, हे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?'